भागीदार की लाभार्थी?

ग्रामीण विकासाच्या कोणत्याही योजनेची मार्गदर्शक तत्त्वे उघडून पाहिली, तर पहिल्या दोन-तीन पानांतच 'लोकसहभाग' हा शब्द हमखास भेटतो. गेल्या काही वर्षांत त्याच्या जोडीला 'स्थानिक भागीदारी' हाही शब्द येऊन बसला आहे. शब्द चांगला आहे. मात्र भागीदारी हा मुळात पेढीवरचा शब्द आहे आणि व्यवहारात त्याचा अर्थ पक्का ठरलेला आहे. दोघे मिळून दुकान काढतात तेव्हा दोघांचेही काही ना काही त्यात गुंतलेले असते, नफ्यातोट्यात दोघांचा वाटा असतो आणि एखादा महत्त्वाचा निर्णय एकाला मान्य नसेल तर दुसऱ्याला थांबावे लागते. यांपैकी तिसरी गोष्ट नसेल तर त्या नात्याला आपण भागीदारी म्हणत नाही. एक मालक असतो आणि दुसरा मुनीम.

शासकीय योजनांमधील भागीदारीला हीच कसोटी लावावी असे मला वाटते. शेतीवर जगणाऱ्या भागात आर्थिक विकासासाठी पैसा येतो, तेव्हा तेथील संस्थेला 'हे काम आम्हाला नको', 'हे असे नको, तसे हवे' असे म्हणता येते का? म्हणता येत नसेल तर ती संस्था केवळ कार्यान्वयन यंत्रणा असते आणि तेथील माणूस लाभार्थी. शिवाय हा नकाराचा अधिकार शासन निर्णयात एक परिच्छेद घालून निर्माण होत नाही. स्थानिक माणसाचे स्वतःचे काही तरी पणाला लागलेले असते आणि त्याच्या संस्थेला आपल्या पायांवर उभे राहण्यास पुरेसा अवधी मिळतो, तेव्हाच तो प्रत्यक्षात येतो. पुढील विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

नकारातून उभी राहिलेली संस्था

आपल्या देशात ग्रामीण अर्थकारणातील सर्वांत यशस्वी मानली जाणारी संस्था एका नकारातून जन्माला आली, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. १९४५ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने मुंबई शहराला दूध पुरवण्याची योजना सुरू केली आणि खेडा जिल्ह्यातील दूध गोळा करून पाठवण्याचे काम पोल्सन या खासगी कंपनीकडे सोपवले. मुंबईकरांना दूध मिळू लागले, कंपनीला नफा मिळू लागला, पण उत्पादकाच्या हाती फारसे काही पडत नव्हते. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. आपली सहकारी संस्था काढा आणि सरकारने ती मान्य केली नाही तर दूध देणेच थांबवा, असा त्यांचा सल्ला होता. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा या गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. सरकारने मागणी नाकारल्यावर पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध गेले नाही. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल तिचे अध्यक्ष झाले. व्हर्गीस कुरियन पुढे १९४९ मध्ये आणंदला आले.

या इतिहासातील क्रम प्रशासकाने नीट पाहण्यासारखा आहे. जून १९४८ मध्ये संघाने दूध पुरवायला सुरुवात केली तेव्हा हाताशी दोन गावांच्या संस्था आणि रोजचे सुमारे अडीचशे लिटर दूध एवढेच होते. युनिसेफ आणि न्यूझीलंड यांच्या साहाय्याने आणंदला दुधाच्या भुकटीची डेअरी उभी राहिली ती १९५५ मध्ये. म्हणजे बाहेरचा मोठा पैसा आला तेव्हा संस्था जवळजवळ नऊ वर्षांची झाली होती. तिचे सभासद रोज दोन वेळा दूध घालत होते आणि हिशेब विचारत होते. पैसा देणाऱ्याला समोर एक भागीदार आयता मिळाला, तो निर्माण करावा लागला नाही.

यावर कोणी म्हणेल की खेडा जिल्हा सुपीक, पाटीदार शेतकरी संघटित, स्वातंत्र्यलढ्याची पार्श्वभूमी, आणि सरदार पटेल पाठीशी. सगळीकडे असे कुठून आणायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरे उदाहरण त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाचे घेतो. तेथे यांपैकी काहीही नव्हते.

वांसद्याची वाडी

वाडी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. दक्षिण गुजरातेतही शब्द हाच आहे. वांसदा, धरमपूर, कपराडा हे तालुके सह्याद्रीच्या उत्तर टोकाला, डोंगरउतारावर वसलेले. कोकणा, वारली, धोडिया या आदिवासी समाजांची वस्ती. सीमेच्या अलीकडे नाशिक आणि पालघर जिल्ह्यांत कोकणा-वारली समाजाचीच गावे आहेत आणि दोन्हीकडची शेतीही सारखीच: भात, नागली, थोडी कडधान्ये. पाऊस प्रचंड पडतो, पण तो माती घेऊन समुद्राकडे निघून जातो आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण होते. खरीप संपला की घराला कुलूप लावून ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा सुरत-वापीच्या कारखान्यांत जायचे, हा येथील वर्षाचा क्रम होता.

या भागात १९८२ मध्ये बायफ या संस्थेने वाडीचा कार्यक्रम सुरू केला. बायफचे नाते महाराष्ट्राशी आहे. गांधीजींबरोबर १९४६ मध्ये उरुळी कांचनला आलेले आणि त्यांच्या इच्छेनुसार तेथेच राहून निसर्गोपचार आश्रमाचे काम उभे करणारे मणिभाई देसाई हे तिचे संस्थापक. १९६७ मध्ये त्यांनी ही संस्था स्थापन केली. वाडीची कल्पना साधी होती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या जमिनीपैकी साधारण एक एकर उतारावरची, कमी प्रतीची जमीन काढायची. त्यात आंबा-काजूची कलमे लावायची, बांधावर जळणाच्या आणि इमारती लाकडाच्या झाडांची रांग लावायची आणि कलमांच्या मधल्या जागेत नेहमीची पिके घेत राहायची. उरलेल्या जमिनीवर भात-नागली चालूच राहते. एका एकराची मर्यादा विचारपूर्वक आहे. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून जेवढी कलमे घरच्या माणसांना जगवता येतील, तेवढीच लावायची.

कोणाचे काय गुंतले ते पाहा. कुटुंबाची जमीन, खड्डे खणण्याचे, कुंपण घालण्याचे आणि पाणी घालण्याचे कष्ट, आणि पहिली चार-पाच वर्षे फळाविना वाट पाहण्याची तयारी. बाहेरच्या निधीतून कलमे, खते, अवजारे, पाण्याची आणि मृद्‌संधारणाची कामे, आणि सुरुवातीच्या काळात अंगमेहनतीचा काही मोबदला. संस्थेकडून गावात राहून शिकवणारे कार्यकर्ते. गावाच्या नियोजन समितीकडून कोणती कुटुंबे, कोणती जमीन, रोपवाटिका कोणी चालवायची आणि वाद कसे मिटवायचे याचे निर्णय. जमीन नसलेल्या कुटुंबांसाठी रोपवाटिका, कलमे बांधणे, गांडूळखत असे वेगळे उद्योग.

आता नकाराचा मुद्दा. आपली जमीन द्यायची नसेल तर कुटुंब सरळ 'नाही' म्हणू शकत होते आणि त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. सुरुवातीला काही जण येतात, बाकीचे शेजाऱ्याची कलमे जगतात का हे पाहत थांबतात आणि जगलेली पाहिली की स्वतः पुढे येतात. फळझाडांच्या कार्यक्रमात हे स्वाभाविकच आहे, पण लक्ष्यांकावर चालणाऱ्या यंत्रणेला ते परवडत नाही. तिला पहिल्याच वर्षी अमुक हेक्टर दाखवायचे असतात. मग ज्यांना नको आहे त्यांच्याही शेतात खड्डे खणले जातात, कलमे जूनमध्ये लागतात आणि एप्रिलमध्ये वाळतात. अहवालात मात्र ती लागलेलीच राहतात.

दुसरी गोष्ट पैशाच्या स्वरूपाची. १९९५ पासून जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या साहाय्याने आणि नाबार्डमार्फत हा कार्यक्रम गुजरातेत मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. पुढे महाराष्ट्रातही तसाच कार्यक्रम आला. त्या अनुभवावर २००३-०४ मध्ये नाबार्डने आपल्या नफ्यातून ५० कोटी रुपये बाजूला काढून आदिवासी विकास निधी स्थापन केला आणि आज देशाच्या अनेक राज्यांत वाडी पोचली आहे. हा निधी अर्थसंकल्पाच्या लेखाशीर्षातला नव्हता, म्हणून तो ३१ मार्चला मरत नव्हता. प्रकल्पाचा काळ पाच ते सात वर्षांचा ठरवता आला, म्हणजे झाडाच्या वयाशी जुळवून घेता आला. मार्चअखेर म्हणजे काय असते हे प्रशासनात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. आंब्याच्या कलमाला मात्र ते अजून कळलेले नाही.

तिसरी गोष्ट विक्रीची. फळे येऊ लागली की व्यापारी येतो आणि आणंदच्या शेतकऱ्यासमोर जो प्रश्न होता तोच पुन्हा उभा राहतो. वांसद्याच्या भागात उत्पादकांच्या सहकारी संस्था झाल्या, काजूप्रक्रिया आणि आंब्याचे लोणचे सुरू झाले, 'वृंदावन' या नावाने माल बाजारात आला. २००४ मध्ये या संस्थांनी मिळून वसुंधरा ॲग्री-हॉर्टी प्रोड्यूसर कंपनी स्थापन केली. भाव पडतात, मोहोर गळतो, शिकलेली मुले तरीही वापीला जातात. वाडीने या भागातले सगळे प्रश्न सोडवले असा दावा करण्याची गरज नाही. पण ज्या कुटुंबाच्या दारात फळणारी झाडे आहेत, त्याला मुकादमाशी बोलताना थोडा वेळ घेता येतो. नकाराचा अधिकार आर्थिक भाषेत यालाच म्हणतात.

निधी आला आणि गेला

याच्या शेजारी आता शासनाचा एक मोठा आणि चांगल्या हेतूचा प्रयत्न ठेवून पाहू. २००६-०७ मध्ये केंद्र सरकारने मागास क्षेत्र अनुदान निधी सुरू केला. देशातील २५० जिल्हे निवडले गेले, त्यांत महाराष्ट्रातील १२ होते. प्रत्येक जिल्ह्याला वर्षाला किमान १० कोटी रुपये विकास अनुदान आणि क्षमताबांधणीसाठी १ कोटी. हा पैसा बंधनमुक्त होता: कशावर खर्च करायचा ते पंचायतींनी आणि नगरपालिकांनी ठरवायचे, ग्रामसभेपासून आराखडे वर यायचे आणि संविधानाच्या अनुच्छेद २४३ झेडडीखालील जिल्हा नियोजन समितीने ते एकत्र करायचे. कागदावर पाहिले तर विकेंद्रित नियोजनाची याहून चांगली रचना सुचवणे कठीण आहे.

प्रत्यक्षात अनेक राज्यांत जिल्हा नियोजन समित्या नावापुरत्या होत्या. आराखडे तयार करण्याचे काम सल्लागारांकडे गेले. राज्यस्तरीय उच्चाधिकार समितीची मंजुरी, मग निधीचा हप्ता, मग आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, या फेऱ्यात वर्ष संपत असे. हाती आलेला पैसा बहुतांशी मोऱ्या, अंतर्गत रस्ते, खोल्या, समाजमंदिरे यांवर खर्च झाला. यातले काही आवश्यकच होते. पण शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल, गावात पैसा फिरेल असे काम त्यातून क्वचितच उभे राहिले. यामागे ग्रामपंचायतींचे अज्ञान होते असे मला वाटत नाही. रस्त्याचे अंदाजपत्रक आठ दिवसांत होते, तांत्रिक मान्यता मिळते आणि मार्चपूर्वी पैसा संपतो. फळबाग, गोदाम, दूध संकलन यांना वेळ लागतो, त्यांत जोखीम असते आणि अपयश आले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. शहाण्या सरपंचाने आणि शहाण्या ग्रामसेवकाने रस्ताच निवडला.

चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४२ टक्क्यांपर्यंत वाढवल्यावर २०१५-१६ पासून केंद्राने या निधीतून अंग काढून घेतले. जवळजवळ नऊ वर्षे चाललेला कार्यक्रम थांबला आणि एखाद्या गावाने त्यासाठी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. मला हे फार बोलके वाटते. दूध संघाची दुधाची गाडी एक दिवस आली नाही तर गावात कल्लोळ होतो. हा निधी मात्र कोणी आपला मानलाच नव्हता. निवडण्याचे स्वातंत्र्य होते, पण त्यात गावाचे स्वतःचे काही गुंतलेले नव्हते आणि काही उभे करण्यास पुरेसा सलग काळही नव्हता.

दहा हजार संस्था

सध्याच्या काळात शेतकरी उत्पादक संस्थांचा कार्यक्रम या विषयाच्या सर्वांत जवळ येतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने १०,००० नव्या संस्था स्थापन करण्याची ६,८६५ कोटी रुपयांची योजना सुरू केली. तिच्यातील एक तरतूद मला मनापासून आवडते. सभासद शेतकरी जेवढे भागभांडवल भरेल तेवढेच शासन त्यात घालते, प्रति शेतकरी २,००० रुपयांपर्यंत आणि प्रति संस्था १५ लाखांपर्यंत. ही खरी भागीदारीची भाषा आहे: आधी तुमचा हात खिशात जाऊ द्या, मग आमचा जाईल.

परंतु त्याच योजनेत व्यवस्थापन खर्चासाठीचे साहाय्य तीन वर्षांचे आणि एकूण १८ लाखांपर्यंत आहे. संस्था घडवण्यासाठी नेमलेल्या व्यवसाय संस्थांना पाच वर्षांची मुदत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारावी संस्था स्थापन झाल्याचे बिहारमधील भागलपूर येथून जाहीर करण्यात आले. लक्ष्यांक पूर्ण झाला. आता खरा प्रश्न सुरू होतो. मैदानी प्रदेशात ३०० आणि डोंगराळ वा ईशान्येकडील भागात १०० सभासदांची अट पुरी करण्यासाठी ज्यांची नावे नोंदवली गेली, त्यांच्यापैकी किती जणांनी आपला माल संस्थेला घातला? सर्वसाधारण सभेत किती जणांनी संचालकांना अडवले? तीन वर्षांनी व्यवस्थापकाचा पगार कोठून येणार? आणंदच्या संघाला पहिली सात-आठ वर्षे लहान राहण्याची मुभा होती. तशी मुभा या दहा हजारांना मिळाली नाही, तर त्यांतील बऱ्याच संस्था कंपनी निबंधकाच्या दप्तरात पडून राहतील.

युरोपचा अनुभव

युरोपीय संघाने हाच प्रयोग १९९१ पासून 'लीडर' या नावाने चालवला आहे. १० हजार ते दीड लाख लोकसंख्येच्या ग्रामीण टापूत 'स्थानिक कृती गट' असतो. नगरपालिका, शेतकरी संघटना, छोटे उद्योजक, सेवाभावी संस्था हे सारे त्यात एकत्र बसतात, आपल्या भागाची व्यूहरचना ठरवतात आणि कोणत्या प्रकल्पाला किती पैसा द्यायचा ते निवडतात. २०१४ ते २०२० या कालखंडाच्या नियमांत एक अट होती: शासकीय संस्थांकडे किंवा कोणत्याही एका हितसंबंधी गटाकडे ४९ टक्क्यांहून अधिक मते असता कामा नयेत. आपल्याकडे जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पालकमंत्री ज्या समितीत बसतात तिच्यात अशी अट घातली तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी.

मात्र युरोपचे गुणगान करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०१० च्या अहवालात दाखवून दिले, की काही गटांनी आपल्याच सदस्य संस्थांना अनुदाने दिली होती आणि हितसंबंधांच्या संघर्षाविषयीची दक्षता अपुरी होती. २०२२ च्या अहवालात त्याच न्यायालयाने स्थानिक लोकांचा सहभाग वाढतो हे मान्य केले, पण त्यासाठी येणाऱ्या जादा खर्चाच्या मानाने अतिरिक्त लाभ पुरेसा सिद्ध झालेला नाही असेही नोंदवले. सुशिक्षित, सधन आणि कायदा पाळणाऱ्या समाजातही स्थानिक भागीदारी आपोआप निर्मळ राहत नाही.

गावातला दुबळा माणूस

येथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. गावाच्या हाती पैसा आणि निर्णय देणे म्हणजे गावातील बलिष्ठांच्या हाती देणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाविषयी जो परखड इशारा दिला होता, तो विकेंद्रीकरणाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने लक्षात ठेवला पाहिजे. पाणलोट क्षेत्र विकासात हे स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आकारास आलेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या अटी गावाने आधी स्वीकारायच्या असत. अटी योग्यच होत्या, पण चराईबंदीचा भार पडतो तो शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनावर आणि वाढलेले पाणी जाते ते विहीर असलेल्याकडे. म्हणूनच त्या कार्यक्रमात भूमिहीन आणि एकट्या पालकाच्या कुटुंबांना लोकवाट्यातून सूट होती. नाबार्डने १९९९-२००० मध्ये २०० कोटींचा पाणलोट विकास निधी उभारला तो या अनुभवाच्या आधारे.

लोकवाट्याची दुसरी विकृतीही सर्वांना ठाऊक आहे. पाणीपुरवठा योजनांमध्ये २००२ च्या स्वजलधारेपासून १० टक्के लोकवर्गणीची अट आली. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्येही गावांतर्गत कामांसाठी ती आहे, डोंगरी, वनव्याप्त आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के आणि अन्यत्र १० टक्के. ठिकठिकाणी ही वर्गणी ठेकेदारच भरतो आणि देयकातून वसूल करतो. मग गावाचा वाटा म्हणून जे दिसते ते प्रत्यक्षात ठेकेदाराने विकत घेतलेले मौन असते. ज्याने पैसे भरलेले नाहीत तो नळाला पाणी आले नाही म्हणून कोणत्या तोंडाने विचारणार?

या दोन्ही गोष्टींतून मी असा निष्कर्ष काढत नाही, की निर्णय पुन्हा जिल्ह्याच्या किंवा दिल्लीच्या ठिकाणी न्यावा. तालुक्याच्या कचेरीतही बलिष्ठांचीच ओळख जास्त असते. निष्कर्ष असा, की नकाराचा अधिकार गाव या नावाला न देता गावातील सर्वांत दुबळ्या गटापर्यंत पोचवावा लागतो. भूमिहीनांच्या वेगळ्या बैठकीत संमत न झालेली चराईबंदी मंजूर होऊ नये, किंवा त्यांच्या चाऱ्याची सोय आराखड्यातच असावी, ही अट कार्यालयाला लिहिता येते आणि तपासताही येते. शासनाचे खरे काम हे आहे. कोणते झाड लावायचे हे गावाला कळते; कोणाचा आवाज ऐकला गेला नाही हे पाहण्यासाठी बाहेरचा माणूस लागतो.

काय करता येईल

यासाठी नव्या योजनेची गरज नाही. चालू चौकटीत तीन बदल पुरेसे आहेत.

पहिला, वाटा श्रमाचा, जमिनीचा किंवा मालाचा असावा, ऐपतीनुसार कमी-जास्त असावा आणि नावानिशी नोंदला जावा. ग्रामपंचायतीच्या खात्यात एकरकमी जमा झालेली लोकवर्गणी ग्राह्य धरू नये. दुसरा, मोठ्या निधीपूर्वी एक लहान टप्पा असावा, ज्यात गाव आणि निधी देणारा या दोघांनाही मागे फिरता येईल. तालुक्याच्या मासिक प्रगती अहवालात 'गावाने नाकारलेले किंवा बदलून मागितलेले प्रस्ताव' असा एक रकाना असावा. हा रकाना वर्षानुवर्षे शून्य असेल, तर तेथे भागीदारी नाही असे समजून वरिष्ठांनी चौकशी करावी. आज नेमके उलट घडते. नकार आला की तो अधिकाऱ्याच्या नावावर अपयश म्हणून चढतो. तिसरा बदल कालावधीचा. उत्पादक कामांसाठीचा पैसा वार्षिक अर्थसंकल्पातून काढून सात-आठ वर्षांच्या निधीत ठेवावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली, त्यांतील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांतील थोडा भाग जरी स्वेच्छेने असा साठवता आला असता, तर काही पंचायतींनी तरी रस्त्यापलीकडचा विचार केला असता. पुढील काळासाठी हा विचार व्हावा.

लेखापरीक्षणाचे काय, हा प्रश्न माझे सहकारी विचारतील. सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यावाच लागतो. पण तिसऱ्या वर्षी किती खर्च झाला याऐवजी सातव्या वर्षी किती झाडे जिवंत आहेत, किती सभासद माल घालतात, हे तपासणारा लेखापरीक्षक अधिक कठोर असतो. त्याला कागद दाखवून परत पाठवता येत नाही.

शेवटी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. बडोदे, इंदूर, बंगळूर असो किंवा आखाती देश आणि अमेरिका, आपल्यापैकी अनेक जण गावाला पैसे पाठवतात. शाळेची खोली, मंदिराचा जीर्णोद्धार, कधी बंधारा, कधी संगणक. या पैशावर कोणत्याही मार्चअखेरचे बंधन नाही आणि कोणत्याही मंत्र्याच्या उद्‌घाटनाची घाई नाही. म्हणजे शासनाला जे अवघड जाते ते आपल्याला सहज शक्य आहे. पुढच्या वेळी पैसे पाठवण्यापूर्वी गावाला काय हवे हे विचाराच, पण त्याबरोबर दोन प्रश्न आणखी विचारा: यात तुमचे स्वतःचे काय असेल, आणि माझी सूचना पटली नाही तर तुम्ही मला ते सांगाल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे येईपर्यंत चेक लिहू नये.